पायावरची नाडी

१९८६च्या पावसाळ्यात बपेरा गावच्या केशवरावांच्या उजव्या पायाचा अंगठा काळा पडला. दोन वर्षांपासून धानाच्या बांधीत, शेताच्या धुऱ्यावरून, चार पावलं चालले की त्यांची पोटरी आखडायची. नागपूरचे डॉक्टर म्हणाले, पायाची रक्तवाहिनी बुजली आहे. मुंबईत जांघेतून नळी घालून, फुगा फुगवून ती उघडतात. नाही जमलं तर पाय कापावा लागेल.

मुंबईला सोबत गेली धाकटी बहीण निर्मला, तुमसरच्या दवाखान्यातली नर्स. बायको देवकाबाई धानाच्या रोवणीसाठी मागे राहिली.

तीन आठवड्यांनी केशवराव फाट्यावरून चालत घरी आले. देवकाबाईला रडू आलं. पण संध्याकाळी ओसरीवर माणसं जमली, तेव्हा केशवरावांच्या तोंडी एकच नाव.

"नळी घातली तवा मी जागाच होतो. मंग दिवसभर पाय हलवाचा नाही. निर्मलानं लेकरावानी भरवलं मले."

देवकाबाई चुलीपाशी ऐकत होती. मुंबईला जाईपर्यंत त्या चिघळलेल्या अंगठ्याची जखम रोज तिनंच धुतली होती, नाकाला पदर न लावता. ते तापात असताना एकदा ती घास भरवायला गेली, तर त्यांनी हात बाजूला केला होता.

निर्मला दर रविवारी बसनं येऊ लागली. भावाच्या पायावर दोन बोटं ठेवून ती नाडी बघायची. केशवराव श्वास रोखून तिच्या तोंडाकडे बघत राहायचे.

चौथ्या रविवारी देवकाबाई म्हणाली, "मले दाखव."

निर्मलानं तिची बोटं धरून जागेवर ठेवली. "लागली का, वहिनी?"

"लागली. आता तू कायले येतेस एवढ्या दुरून? मी पाहीन रोज."

निर्मलानं पिशवी उचलली.

मग रोज सकाळी देवकाबाई नाडी बघायची. बोटं गरजेपेक्षा जास्त वेळ तिथंच राहायची.

धान कापणीच्या दिवसांत एका सकाळी नाडी लागली नाही. पाय गार होता. केशवरावांनी विचारलं, "काय झालं?"

"काही नाही," ती म्हणाली.

दुसऱ्या सकाळीही लागली नाही, आणि पायाची बोटं निळसर दिसली. तेव्हा ती पहिल्या बसनं तुमसरला गेली.

"कवापासून?" निर्मलानं विचारलं.

"कालपासून."

"मंग काल काहून नाही आली?"

"तुले बोलवाचं नव्हतं मले."

निर्मला रजेचा अर्ज लिहायला आत गेली.

मुंबईत पुन्हा फुगा घातला. पाय वाचला, दोन बोटं गेली. या खेपेला खाटेजवळ देवकाबाई होती. डॉक्टरांनी केशवरावांना खडसावून विचारलं, तेव्हा मनाई असताना चोरून बिड्या ओढल्याचं त्यांनी कबूल केलं. पण बोटं बिडीनं गेली की त्या एका दिवसानं, हे देवकाबाईनं कुणालाच विचारलं नाही.

निर्मलानं भावाला तो दिवस कधीच सांगितला नाही. घरात सगळे कौतुकानं तिचं नाव काढायचे, आणि आपल्याला सांभाळून घेणाऱ्या तिच्या त्या गप्प राहण्याचाही देवकाबाईला मनातून राग यायचा.