समोरून काढलेला ग्राफ

नी-कॅप विणायची म्हणजे काय मोठंसं, असं म्हणणाऱ्याने एकदा त्या कारखान्यात यावंच. एकाच नळीत तीन तऱ्हेची वीण: गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला आधारासाठी घट्ट, मागे घामासाठी जाळीदार आणि आतल्या बाजूला, जिथे ऑपरेशनचा व्रण असतो तिथे, अगदी मऊ. कुठे काय यायचं ते ग्राफवर रंगवून द्यायचं डिझाइनवालीने आणि मशीनवर उतरवायचं मास्तरांनी. ती नवखी होती तेव्हा मास्तरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "आपल्याकडे ग्राफ नी-कॅप घालणाऱ्याच्या नजरेने काढायचा. आधी मनात पायात चढव, मग काढ."

पुढे तिची डिझाइनं गाजली, केबिन मिळाली आणि बाईंचं नाक जरा वर गेलं.

नवा नमुना तिने आपल्या आत्यासाठी करायला घेतला. आत्याच्या उजव्या गुडघ्याचे टाके नुकतेच निघाले होते. आत्याला खुर्चीत बसवून, आपण समोर बसून हिने मापं घेतली आणि तिथेच ग्राफ काढला. नमुना तयार झाल्यावर तो आत्याच्या पायात चढवून मोठ्या ऐटीत परतली.

चौथ्या दिवशी जाऊन बघते तर काय! घट्ट वीण नेमकी व्रणावर, आणि तिथली कातडी सोलवटलेली.

"अगं, काढून का नाही टाकलीस?"

"तू एवढ्या हौसेने केलीस गं," आत्या म्हणाली. "म्हटलं, होईल सवय."

दुसऱ्या दिवशी कारखान्यात शिरल्या शिरल्या बाईंनी तोंडाचा पट्टा सोडला. "मास्तर, डोळे काय गहाण टाकलेत? माझ्या आत्याचा गुडघा सोलून निघाला! डावं-उजवं कळत नसेल तर घरी बसा ना!" चाळीस माणसं ऐकत होती. मास्तरांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, काहीतरी बोलायला गेले आणि नुसतंच "बरं" म्हणाले. संध्याकाळपर्यंत मॅनेजरने त्यांना मशीनवरून उठवून धागे कापायच्या टेबलावर बसवलं. तीस वर्षं मशीन चालवलेला माणूस कात्री घेऊन स्टुलावर बसला.

आठ दिवसांनी नव्या ऑपरेटरने त्याच ग्राफवरून दुसरा नमुना विणला. बाईंनी केबिनचं दार लावून तो स्वतःच्या उजव्या गुडघ्यावर चढवला. मऊ वीण बाहेरच्या बाजूला! यालाही डावं-उजवं कळत नाही, असं ओरडायला तिने तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. तिने नमुना काढून डाव्या पायात घातला. चपखल बसला.

तिने फाइलमधून ग्राफ ओढून काढला. समोर बसून जसा दिसला तसा गुडघा काढलेला, म्हणजे डावं-उजवं उलटं. घालणाऱ्याच्या नजरेचा पत्ताच नाही. कागद उलटला तर मागे पेन्सिलने मास्तरांचं अक्षर: "समोरून काढलाय का, बाईंना विचारलं. म्हणाल्या, मला शिकवू नका, आहे तसं विणा."

तेव्हा तिला आठवलं. मास्तर विचारायला आले त्या वेळी ती फोनवर होती, आणि माशी हाकलावी तसा तिने हात झटकला होता.

बाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हा कागद मास्तरांनी त्या दिवशी सगळ्यांसमोर धरला असता, तर? नाही धरला. आणि खोटं कशाला सांगू, तो फाडून टाकावा असंही घटकाभर तिच्या मनात आलं. त्या विचाराची तर तिला जास्तच लाज वाटली.

ती कागद घेऊन बाहेर आली आणि थेट धागे कापायच्या टेबलाशी गेली. "सगळ्यांनी ऐका," ती म्हणाली. "चूक माझी होती. मास्तरांनी विचारलं होतं, मी ऐकलं नाही. मास्तर, मला माफ करा. मी आत्ताच मॅनेजरसाहेबांना सांगते. तुम्ही मशीनवर चला."

मास्तरांनी हातातला धागा कापला, कात्री खाली ठेवली.

"ते राहू द्या हो. आत्याबाईंचा गुडघा कसा आहे आता?"

सोलवटलेली कातडी पाहिली त्या दिवसापासून ती आत्याकडे गेलीच नव्हती.