शर्यतीचा बोकड आणि जावईबापू

मी डेप्युटी बोलतोय. दचकू नका, कुठल्या कचेरीतला साहेब नाही मी. टोबॅगो बेटावरच्या बकू गावचा शर्यतीचा बोकड आहे. जन्मलो तेव्हाच माझी हनुवटी पुढे आणि नाक वर होतं, म्हणून माझ्या मालकिणीला, मिस युडोराला (इथे लेकीबाळी असलेल्या बाईलाही मिसच म्हणतात), शाळेतल्या उपमुख्याध्यापकांची आठवण झाली आणि तिने हे नाव ठेवलं. ते मास्तर अजून माझ्याशी बोलत नाहीत.

माझे दोन्ही भाऊ लवकर गेले. एक बारशाला, एक लग्नाला. दोघंही पातेल्यातून. मी मात्र दार उघडं दिसलं की सुटायचो, आणि मिस युडोरा चप्पल घेऊन मागे. शेवटी ती दमली नि म्हणाली, "हा मेला पातेल्यातूनही पळून जाईल. त्यापेक्षा पळवाच याला!"

त्रिनिदादहून बोटीने येणारे पाहुणे आम्हाला हसतात. "तुमच्याकडे घोडे नाहीत का हो?" नाहीत. असते तरी काय? घोड्यावर माणूस आयता बसतो. आमच्याकडे त्याला बोकडामागे अनवाणी पळावं लागतं, हातात दोरी धरून. दोरी सुटली की बाद. बोकडाच्या आधी माणसाने रेषा ओलांडली तरी बाद.

माझी दोरी ऑर्विलच्या हातात असायची. हा मिस युडोराचा जावई. मासेमारी करायचा, मोठ्याने हसायचा आणि दर ईस्टरला हरायचा. कधी दोरी सोडायचा, तर कधी जोशात बोकडालाच मागे टाकून पुढे निघून जायचा. हरला की म्हणायचा, "काही नाही, पुढल्या वर्षी!" एका ईस्टरच्या आठवड्यात सासूबाईंनी जेवण वाढता वाढता निकाल लावून टाकला.

"जावईबापू, हे शेवटचं. पुढल्या वर्षी दोरी शेजारच्या कर्विनच्या हातात."

"तो कालचा पोरगा?"

"कालचा आहे म्हणून पळतो. तुम्ही परवाचे. खेकडा घ्या अजून."

ऑर्विलने खेकडा घेतला नाही. मी खिडकीतून बघत होतो. म्हटलं, गड्याच्या मनाला फारच लागलंय.

आमच्याकडे गुड फ्रायडेला समुद्रात कुणी पाय घालत नाही. घातला तर माणसाचा मासा होतो. त्या दिवशी लोक घरी बसतात, पेलाभर पाण्यात अंड्याचा पांढरा बलक सोडतात आणि त्याच्या आकारात पुढलं वर्ष शोधतात. ऑर्विलने मात्र पहाटेच माझी दोरी सोडली. "एक दिवसही फुकट घालवायचा नाही, डेप्युटी. चल पोहायला." पोहून बोकडाचे पाय बळकट होतात खरे, पण त्याचाच पाय दगडावरून सटकला आणि गुडघा मुरगळला.

सासूबाई दारातच उभ्या. "कुठून स्वारी?"

"पायरीवरून घसरलो."

"असं? पायरीवर वाळू होती वाटतं. आणि केसांत शेवाळ? इकडे या, खवले फुटलेत का बघू दे."

दुपारपर्यंत गावभर झालं. जो तो कुंपणावरून ओरडून विचारी, "ऑर्विल, कल्ले आले का रे?" तो हसायचा, पण गुडघा पपईएवढा सुजला होता. सोमवारी मिस युडोरा म्हणाली, "कर्विनला बोलावते."

"नका ना," ऑर्विल म्हणाला. त्याचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "मला एकदा जिंकायचंय हो. एकदाच. भोंग्यावरून माझं नाव ऐकायचंय. मग देऊन टाका दोरी कुणालाही."

ती आत गेली, मेणबत्तीचं मेण आणि जायफळ गरम करून आणलं आणि स्वतःच्या हाताने त्याचा गुडघा चोळत बसली. तोंडाने शिव्या चालूच होत्या.

मंगळवारी शर्यतीचं फाटक उघडलं आणि आम्ही सुटलो. थोड्याच वेळात दोरी ताणली गेली. मागे ऑर्विल लंगडत होता. पुढे लाल झुलीचा बोकड. मी जोर केला तर दोरी सुटणार, आवरता घेतला तर हरणार. काय करावं कळेना. मी मान वळवली.

"माझ्याकडे काय बघतोस? पळ की गाढवा!"

बोकडाला गाढव म्हणतो! मी असा उधळलो की लाल बोकड मागे पडला. रेषा चार ढांगांवर होती तेवढ्यात मागे धपकन आवाज आला. ऑर्विल पोटावर पडला होता. पण दोरी त्याने सोडली नव्हती. मग मीही थांबलो नाही. आधी माझं नाक रेषेपार गेलं, मग मी, मग दोरी, आणि शेवटी गवतावरून फरफटत, तोंडात माती घेऊन ऑर्विल.

पंचांची जुंपली. "पडला, म्हणजे बाद." "अहो, पण दोरी हातात आहे!" एवढ्यात कुंपणाखालून वाकून मिस युडोरा मैदानात. तिची ठेवणीतली टोपी तिथेच अडकून राहिली.

"दोरी सुटली का? नाही. बोकड आधी गेला का? गेला. माणसाने उभंच राहायला हवं, असं लिहिलंय कुठे? मग घ्या नाव माझ्या जावयाचं. आडनावासकट घ्या!"

भोंगा खरखरला. "विजेते, ऑर्विल सँडी आणि डेप्युटी!" ऑर्विल उठलाच नाही. तसाच पालथा पडून हुंदके देत होता. मी त्याचा कान चाटला. खारट लागला.

गेल्या ईस्टरला ठरल्याप्रमाणे कर्विनने दोरी धरली. आम्ही बाद झालो. सुटली ना दोरी त्याची! पोरगा झाडामागे जाऊन रडत होता. त्याला गाठलं ते ऑर्विलनेच. खांद्यावर हात टाकून म्हणाला, "अरे, हरण्यातलं मला विचार. चल, उद्यापासून तिघं मिळून पळू."

तेव्हापासून तिघं पळतोय. मी पुढे, पोरगा दोरीला, आणि ऑर्विल मागून लंगडत, हाका मारत. पोरगा अजून घाबरतो. म्हणून मंडळी, माझं एवढंच मागणं आहे. ईस्टरच्या मंगळवारी इकडे आलात तर कुंपणाशी उभे राहा आणि कर्विनचं नाव घेऊन ओरडा. आम्ही शेवटचे असलो तरी ओरडा.