अर्धी पायरी

बसा, पण खालच्याच पायरीवर बसा. वर चढू नका, वर काही नाही. थट्टा नाही करत हो! मी जिना आहे. चांगला सागवानी, गुळगुळीत कठड्याचा, आणि सुतारकामाच्या या शेडमध्ये भिंतीला टेकून पत्र्याकडे बघत उभा आहे. ज्या माळ्यासाठी मला घडवलं, तो राहिला शहराच्या दुसऱ्या टोकाला.

एवढा देखणा जिना इथे अडगळीत कसा, असंच ना? मग ऐका. माझं डोकं अजून तापलेलंच आहे.

मला घडवलं सुतारताईने. ही शेड तिच्या वडिलांची. त्यांचे गुडघे गेले तेव्हा करवत तिने उचलली. आता ते दाराजवळच्या खुर्चीवर बसून सल्ले देतात, न मागितलेले.

मी नुसता फळ्यांची थप्पी होतो तेव्हा एक चष्मेवाले आले. नवं दुकान काढत होते. खाली चष्मे, वर माळ्यावर डोळे तपासायची खोली, मधे मी. ताई आदल्या दिवशी जाऊन माप घेऊन आली होती. तिने चित्र काढलं होतं, खाली लिहिलं होतं की फरशी दोन बोटं जाड धरली आहे, ती बदलली तर आधी कळवायचं. त्याखाली सहीसाठी जागा.

"अहो ताई, आपण काय परके आहोत?" चष्मेवाले हसले. "दोन बोटं म्हणजे दोन बोटं! तुम्ही करवत चालवा, सही काय पळून जातेय?"

ताईने कागद तसाच धरून ठेवला होता. तेवढ्यात वडील म्हणाले, "अगं, आम्ही जन्मभर शब्दावर कामं केली. गिऱ्हाइकाच्या तोंडावर कागद नाचवू नये."

झालं! ताईने कागद पिशवीत घातला. भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. मी फळी नसतो ना, तर तिथेच ओरडलो असतो.

पण कामात तिने कसूर केली नाही. लाकूड तिच्या पदरचं आणि मेहनतही तिची. माझी प्रत्येक पायरी दुसरीइतकीच उंच. त्यावरून ती फार हट्टी. "पाय आंधळा असतो," ती रंधा मारताना म्हणायची. "पहिली पायरी जेवढी, तेवढ्याच बाकीच्या, असं तो धरून चालतो. त्याला फसवायचं नाही." मला तेव्हा स्वतःचा काय अभिमान वाटायचा म्हणून सांगू!

मला टेम्पोत घालून दुकानात नेलं, उभं केलं, आणि माझं डोकं माळ्याच्या वर चार बोटं निघालं. ताईचा चेहरा पडला. तिने वाकून खाली बघितलं. फरशीखालून वायरी न्यायच्या म्हणून चष्मेवाल्यांनी मधल्या काळात जमीन उचलून घेतली होती. ठरल्यापेक्षा चांगली चार बोटं जास्त! एका शब्दाने कळवलं नव्हतं.

"माप चुकलं तुमचं," चष्मेवाले म्हणाले.

"माप नाही चुकलं, फरशी वाढली. आपलं दोन बोटं ठरलं होतं."

"कुठे ठरलं होतं? दाखवा बघू."

चोर तो चोर, वर शिरजोर! तिथे उभा असलेला फरशीवाला सगळं जाणून होता, पण त्याची अळीमिळी गुपचिळी. त्याचं बिल अजून निघायचं होतं.

"बरं जाऊ दे," चष्मेवाले मोठ्या मनाचा आव आणून म्हणाले, "खालून चार बोटं कापा, काम संपलं."

"मग खालची पायरी अर्धी होईल. वरून लोक डोळ्यांत औषध घालून उतरणार, त्यांना समोरचं धड दिसत नसणार. शेवटच्या पायरीला पाय फसेल त्यांचा. म्हातारं माणूस पडलं तर?"

"ते माझं मी बघेन."

"तुम्ही बघाल, पण जिना माझा आहे. तो मी कापणार नाही."

टेम्पोवाल्याला तिने परत बोलावलं. मी घरी आलो, आणि माझ्या मागून बातमी आली. उचलली जीभ लावली टाळ्याला! चष्मेवाले ज्याला त्याला सांगत सुटले, सुतारताईला साधं माप घेता येत नाही. मी शेडमध्ये उभा, बरोबर मापाचा, आणि माझ्यामुळे तिचं नाव खराब. ठरलेली दोन कामं गेली, फोन वाजेनासा झाला. वडील खुर्चीवर बसून राहायचे. सल्ले बंद. त्यांचा रागही यायचा आणि कीवही.

मग काल एक बाई आल्या. पलीकडच्या वाचनालयाच्या. त्यांना पुस्तकांच्या माळ्यावर जायला जिना हवा होता. ताईने माप घेतलं, चित्र काढलं, आणि माझ्या तिसऱ्या पायरीवर कागद पसरला.

"सही कशाला? तुम्ही सुरू तर करा," बाई म्हणाल्या. "आमच्यावर विश्वास नाही का?"

ताईला कामाची किती गरज होती, ते मला ठाऊक होतं. ती पुन्हा भिडेला पडली तर?

"तुमच्यावर आहे," ताई म्हणाली. "फरशीवर नाही. कागद वाचा, सही करा, मग मी करवत उचलते. नाहीतर नाही."

बाईंना ते आवडलं नाही. त्यांनी वडिलांकडे बघितलं, म्हातारा माणूस आपली बाजू घेईल म्हणून. वडील खुर्चीतून कण्हत उठले. मी म्हटलं, आता पुन्हा शब्दाचं पुराण! पण त्यांनी खिशातलं पेन काढून पुढे केलं. "वाचा बाई. आधी वाचा."

बाईंनी नाइलाजाने चष्मा लावला. वाचता वाचता थबकल्या. "अहो, माळ्यावर आम्ही नव्या जाड फळ्या टाकणार आहोत. म्हणजे वरची जमीन उंच होईल ना? मी सांगायचंच विसरले."

ताईने आकडा खोडला, नवा लिहिला. दोघींनी सह्या केल्या. पाच मिनिटांचं काम! एवढ्यासाठी मी कुजत उभा राहिलो, एवढ्यासाठी तिचं नाव गेलं. संताप येणार नाही तर काय?

आता मला निरोप द्या. नव्या जिन्यासाठी लाकूड हवं, आणि विकत घ्यायला ताईकडे काही उरलेलं नाही. आज ती मला उकलणार आहे. माझ्या पायऱ्या वाचनालयाच्या जिन्यात बसतील, अख्ख्या, सारख्या उंचीच्या. मगाशी तिने माझ्या कठड्यावरून हात फिरवला तेव्हा वाईट वाटलं, नाही असं नाही.

तुम्हीही कोणाची तरी कामं करत असाल. कोणी हसून म्हणालं की सही काय पळून जातेय, तर त्याला सांगा, सही नाही पळत, माणूस पळतो.

उठा आता. ताई करवत घेऊन आली.