शिट्टी वाजत असताना

साहेब, माझ्या नवऱ्याची नमाज तुम्ही बिघडवलीत. हे तोंडावर सांगते आहे, मागून कुजबुजत नाही.

तुमच्या धुलाई कारखान्यात तो बॉयलर सांभाळतो आणि मी भिंतीपलीकडे चादरींच्या घड्या घालते. तुम्ही यायच्या आधी तो बॉयलरमागे गोणपाट अंथरून पढायचा. कान वाफेकडे. जरा वेगळी फुसफुस ऐकू आली की नमाज तोडायचा, झडप बघायचा आणि परत नियत बांधून पहिल्यापासून पढायचा. "जीव वाचवायला नमाज तोडली तर अल्ला रागावत नाही," म्हणायचा. तेव्हा मी निर्धास्त होते.

मग तुम्ही आलात. बॉयलरशेजारी नमाजची खोली काढलीत, गालिचा घातलात आणि तिच्या एका भिंतीच्या जागी काच बसवलीत, पाहुण्यांना दिसावं म्हणून. वर जाहीर केलंत, "जो मन लावून पढेल, त्यालाच मुकादम करीन."

काचेबाहेर तुमचे बूट थांबले की नवऱ्याचा सजदा, कपाळ टेकून राहणं, लांबायला लागला. माझ्या शेजारी घड्या घालणारी खाला हसायची, "अगं, तुझा नवरा सजद्यात आहे की डुलकी काढतोय?" मीही हसायचे. मेलं माझं हसणं!

सोमवारी दुपारी, जोहरच्या नमाजच्या वेळी, बॉयलरची शिट्टी वाजली. आधी बारीक, मग कान फाडणारी. माझ्या हातातली चादर गळाली. भिंत थरथरत होती. खाला ओरडली, "पळ गं!" सगळ्या दाराकडे पळाल्या. मी उलटी पळाले, त्याच्याकडे.

वाफेच्या दाबाचा काटा लाल पट्टीच्या पार पलीकडे. नवरा चार पावलांवर, कपाळ गालिच्यावर. "अहो! उठा!" हलला नाही. काचेपलीकडे तुमचे बूट. मीच बर्नरचा खटका खाली ओढला. हात भाजला, त्याचं सोडा. शिट्टी थांबल्यावर मी तिथेच बसकण मारली.

आणि तुम्ही काय केलंत? सगळ्यांना गोळा करून म्हणालात, "बघा, याला म्हणतात ईमान! मरण समोर आलं तरी डोकं वर नाही!" टाळ्या वाजवल्यात. मुकादम केलंत.

तेव्हापासून त्याने नमाज सोडली. हातपाय धुऊन वुजू करतो, चटईपाशी जातो आणि मागे फिरतो. घरात कुकरची शिट्टी झाली तरी भिंतीला चिकटतो.

काल विचारलं, "बाहेर पढवत नसेल तर घरात तरी पढा. इथे कोण बघतंय?"

"तेच तर," म्हणाला. "त्या दिवशी मला शिट्टी ऐकू येत होती. तू पलीकडे आहेस, हेही माहीत होतं. उठणार होतो. मग बूट दिसले. मी कुणापुढे पडून होतो गं?"

मी म्हटलं, "साहेबासाठी पढलात, आता साहेबापायी सोडताय. म्हणजे अजून त्याच्याच कह्यात आहात की."

तो रडला. मग चटई अंथरली, हात कानापर्यंत नेले आणि तसाच थिजला. नियत बांधून होईना. त्याच्या मागे उभं राहून मी मनात म्हणत होते, या अल्ला, मी बघतेय म्हणून तर अडला नाही ना? आणि खोलीबाहेर निघून गेले. दार ओढून घेतलं. आत पढला की नाही, विचारलं नाही. विचारणारही नाही.

पण तुम्हाला विचारणार. मुकादमकी परत घ्या. काच काढून विटा लावा. ते कराल न कराल, आधी एवढं सांगा. त्याचं कपाळ तरी खाली होतं. तुम्ही उभे होतात, शिट्टी तुम्हालाही ऐकू येत होती, काटा तुमच्या नजरेसमोर होता आणि भिंतीपलीकडे आम्ही बायका होतो. काचेवर साधी थाप का मारली नाहीत? काय बघत उभे होतात?

बोला.