डाव्या खिडकीचा टोल

"अजून थोडी डावीकडे! अगं, माझा हात आहे, रबर नाही!"

मास्तर कमरेपर्यंत गाडीच्या डाव्या खिडकीबाहेर लोंबकळत होते. हातात धाकट्या लेकीने दिलेलं कार्ड, समोर टोलचं यंत्र, आणि कार्ड व यंत्र यांच्यामध्ये हातभर परदेश.

"थांबा बाबा, मागे घेऊन परत लावते."

"मागे कुठे घेतेस? मागे ट्रक उभा आहे. आधी आरशात..."

"बाबा, आईला काय कबूल केलंय?"

मास्तरांनी सीटवर गुडघे टेकले, पोट खिडकीच्या कडेवर ठेवलं आणि नाकासमोर कार्ड धरून विहिरीत वाकावं तसे वाकले. यंत्राने टुणकन आवाज केला. दांडा वर गेला. मागच्या ट्रकवाल्याने टाळ्या वाजवल्या. मास्तरांनी त्याला सलाम ठोकला आणि कासवासारखे आत आले.

"एक झाला. असे किती आहेत?"

"जाताना तीन, येताना तीन."

"म्हणजे परत जाईपर्यंत मी वीतभर उंच होणार."

ही नोकरी त्यांना कालच लागली होती. धाकटी राहायची त्या देशात गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून धावत. पण आज सकाळी गाडी बोटीत घालून दोघं पलीकडच्या देशात उतरली होती, आणि तिथे सगळं जग उजवीकडून चालत होतं. तिथल्या चालकाची जागा डावीकडे, म्हणून टोलची यंत्रंही डावीकडे. धाकटीच्या गाडीचं स्टिअरिंग मात्र उजवीकडे. तेव्हा टोल भरायचा तो शेजारी बसणाऱ्याने. एरवी तिथे जावई बसायचे. धाकटी जुनी शिवणयंत्रं विकत घ्यायची, दुरुस्त करून विकायची, आणि यंत्रं आणायला महिन्यातून एकदा नवरा-बायको पलीकडे जायची. नेमकी काल जावयांची कंबर धरली.

"बाबा, तुम्ही येता का? टोल भरायला माणूस हवाय," धाकटी म्हणाली होती. विचारताना तिने मान वर केली नव्हती. हातातल्या सुईत दोरा ओवत राहिली होती.

"नोकरी टोलची आहे, शिकवणीची नाही," आईने रात्री बजावलं. "ती गाडी कशी चालवते त्यावर एक अक्षर बोलायचं नाही. परवा आपलं परतीचं विमान आहे. जाता जाता पोरीशी वाकडं घेऊ नका."

मास्तरांची ड्रायव्हिंग स्कूल होती. अडतीस वर्षं ते डाव्या सीटवर बसले. पायाखाली दुसरा ब्रेक, समोर डॅशबोर्डवर लिंबाएवढा जास्तीचा आरसा, आणि शेजारी घामाघूम झालेलं कुणीतरी. कारकून आले, नर्स आल्या, लग्न ठरलेल्या मुली आल्या, साठीला टेकलेले हौशी आले. सगळ्यांना मास्तर पहिल्या दिवशी एकच सांगायचे, की उजवी बाजू तुम्हाला दिसेलच, मी आहे तो डाव्या बाजूसाठी. अर्ध्या गावाला त्यांनी डावी बाजू दाखवली. घरच्या एकीला तेवढी दाखवता आली नाही.

गोष्ट घडली तेव्हा धाकटी अठरा वर्षांची होती. भाजी बाजाराशेजारच्या बोळातून गाडी काढत होती. डावीकडे भिंत. ती नीट चालली होती, आणि मास्तरांनी एकाएकी ब्रेक दाबला. गाडी गचका देऊन बंद पडली. मागे सायकली अडल्या, भाजीवाल्या हसल्या. धाकटी म्हणाली, "जागा होती." मास्तर म्हणाले, "नव्हती." ती दार उघडून उतरली आणि भर बाजारातून चालत घरी गेली. दुसऱ्या दिवशी तिने नाव घातलं ते रस्त्याच्या पलीकडच्या, मास्तरांच्या समोरच्याच ड्रायव्हिंग स्कूलमध्ये! गावाला सहा महिने पुरेल एवढी करमणूक झाली. न्हावी दाढीला साबण लावता लावता विचारायचा, "मास्तर, तुमची फी परवडत नाही का हो लेकीला?"

सोळा वर्षं झाली. रुसवा असा राहिला नव्हता; बोलणं होतं, हसणं होतं, सणासुदीला फोन होते. पण त्यानंतर मास्तर चालवायला आणि लेक शेजारी, किंवा लेक चालवायला आणि मास्तर शेजारी, असं कधी घडलं नाही. घरातलं एखादं खिळखिळं स्टूल सगळे वळसा घालून चुकवतात, तसा तो विषय सगळे चुकवत आले.

आणि आज मास्तर पुन्हा त्याच सीटवर होते.

बाहेर हिरवी शेतं पसरली होती, मधूनच पवनचक्क्या सावकाश हात फिरवत होत्या. धाकटीने ट्रक ओलांडला. मास्तरांचा उजवा पाय पुढे सरकला आणि गालिचावर दाबला गेला.

"तिकडे ब्रेक नाहीये बाबा."

"मला माहितेय. पायाला कुणी सांगितलं नाही अजून."

धाकटी खुदकन हसली. मास्तरांना बरं वाटलं. त्यांनी डब्यातलं अंडं सोलून तिच्या हातात दिलं. दुसऱ्या टोलला तिने गाडी यंत्राच्या पुष्कळ जवळ नेली. मास्तरांना फक्त कोपरापर्यंत हात बाहेर काढावा लागला. "छान लावलीस" हे शब्द जिभेच्या टोकावर आले. पण एक अक्षर म्हणजे एक अक्षर. कौतुकसुद्धा शिकवणीतच धरलं तर काय घ्या, म्हणून त्यांनी शब्द गिळले, वर पाणी प्यायले.

घोटाळा तिसऱ्या टोलवर झाला. बारा रांगा, बारा पाट्या, त्यावर नाना चित्रं. धाकटीने मोकळी दिसली त्या रांगेत गाडी घातली. दोन्ही बाजूंना काँक्रीटचे कठडे, रस्ता जेमतेम गाडीएवढा. यंत्रापाशी बघतात तर कार्ड घालायला फटच नाही. आपोआप टोल कापणारी पट्टी काचेवर चिकटवलेल्या गाड्यांचीच ती रांग होती. दांडा ढिम्म. मागे दुधाचा टँकर येऊन उभा राहिला, त्याच्यामागे आणखी दोन गाड्या.

यंत्रावर एक बटण होतं. मास्तरांनी ते दाबलं. आतून एका बाईंचा आवाज आला, परक्या भाषेत, भरभर.

"नमस्कार बाई," मास्तर स्वच्छ मराठीत म्हणाले. "आमचं कार्ड आहे, पैसे आहेत, भरायची इच्छा आहे. तुमचंच यंत्र घेत नाही."

"बाबा, तिला काय कळणार!"

"तिचं तरी मला कुठे कळतंय? फिटंफाट."

बाई पुन्हा काहीतरी बोलल्या. धाकटीला त्यातले दोनच शब्द कळले. "मागे घ्या म्हणतायत."

टँकरने भोंगा वाजवला. मग पाठच्यांनीही वाजवले. धाकटीची मान लाल झाली. स्टिअरिंगवरची बोटं पांढरी पडली. मास्तरांनी उतरून मागच्यांना हात दाखवावा म्हणून दार ढकललं, तर ते जरासं उघडून कठड्याला टेकलं. ते सीटवरच अडकले. शेवटी मागच्या गाड्या हटल्या, टँकरवालाही हात नाचवत, बडबडत मागे सरकला आणि जागा मोकळी झाली. आता मागे यायचं होतं ते धाकटीला, तीस-चाळीस पावलं, कठड्याला न घासता.

तिने आरशात पाहिलं. मग आरशात न बघता विचारलं, "बाबा, डावीकडे किती आहे?"

मास्तरांनी खिडकीतून खाली वाकून पाहिलं. 

"एक वीत."

"नक्की?"

"वीत आणि दोन बोटं."

धाकटी गिअरवर हात ठेवून तशीच बसली. भोंगे वाजत होते. "आणि त्या दिवशी? बोळात?"

काँक्रीटच्या भेगेत कसलंसं पिवळं फूल उगवलं होतं.

"तेवढीच होती," मास्तर म्हणाले. "वीत आणि दोन बोटं. तू बरोबर नेत होतीस. मीच घाबरलो."

"ऐकू नाही आलं."

भोंग्यामुळे खरंच आलं नव्हतं की पुन्हा ऐकायचं होतं, देव जाणे. मास्तर ओरडले, "जागा होती! तू बरोबर होतीस! मी उगाच ब्रेक दाबला!"

नेमके तेव्हाच भोंगे थांबले. बटण अजून चालूच होतं. यंत्रातल्या बाई, समजूत काढावी तशा मऊ आवाजात, काहीतरी बोलल्या.

"आभारी आहे बाई," मास्तर म्हणाले.

धाकटी इतकी हसली, इतकी हसली, की डोळे पुसायला तिला हात गिअरवरून काढावा लागला. मग तिने गाडी मागे घेतली. एका दमात, सरळ, सुईतून दोरा निघावा तशी. कठडा वीत आणि दोन बोटांवरून मुकाट पुढे सरकत गेला. मास्तर त्याच्याकडे बघत होते. त्यांचे दोन्ही पाय सीटखाली होते.

दुपारी यंत्रं ताब्यात घेतली. काळी, सोनेरी नक्षीची दोन जुनी शिवणयंत्रं डिकीत चादरीत गुंडाळून निजवली. परतताना धाकटी सांगत राहिली, कुठल्या यंत्राचा टाका कसा, कुणाचा आवाज कसा. मास्तर हुंकार देत राहिले. मग हुंकार लांबले, मग थांबले.

चालत्या गाडीत मास्तरांना आयुष्यात कधी झोप लागली नव्हती.

गाडी टोलपाशी थांबल्यावर जाग आली. उजवीकडची सीट रिकामी होती. आणि मग त्यांना आपल्याच खिडकीत धाकटीचा निळा स्वेटर दिसला. ती उतरून, गाडीला वळसा घालून, यंत्र आणि दार यांच्यामध्ये आडवी उभी होती. एक माणूस मावेल एवढीच जागा तिने सोडली होती. मागच्याने भोंगा वाजवला. तिने वळून त्याला तळहात दाखवला, मग दोन्ही हात जोडून गालाखाली घेतले आणि मान कलती केली. भोंगा थांबला.

हात जरा लांब केला असता तर तिच्या हातातलं कार्ड मास्तरांना घेता आलं असतं. त्यांनी डोळे मिटून घेतले.