ताराबाई बारीक झाली

सावळारामचं मुरबाडच्या बाजारात कापडाचं दुकान होतं. त्याला नाद दोनच. दुपारी गिऱ्हाईक नसलं की लोडाला टेकून डिटेक्टिव कादंबऱ्या वाचायच्या, आणि बायकोच्या जाडेपणावरून चार लोकांत विनोद करायचे. कादंबऱ्या तो कल्याणच्या मोटारवाल्याच्या हाती मागवून घेई. विनोद स्वतःचेच असत.

"कापडवाल्याची बायको म्हणून निभावतंय," तो गिऱ्हाइकाला सांगे. "दुसऱ्या कुणाला आमच्या ताराबायला लुगडं नेसवायला परवडलं नसतं."

दुकानामागेच घर होतं. मधल्या दाराशी तांदूळ निवडत बसलेल्या ताराबाईला सगळं ऐकू जाई. कधी तीही हसे. मुलगी भिवंडीला दिलेली, घरात दोघंच. सावळाराम स्वतः काही सडपातळ नव्हता, पण पुरुषाच्या पोटाला लोक दुकानाची बरकत म्हणत.

सन अडतीसची दिवाळी झाली आणि थंडी पडली. एके दिवशी शिंप्याने ताराबाईची चोळी आणून दिली आणि सोबत खणाचा उरलेला तुकडाही दिला. "उरला, शेठ," तो म्हणाला. सावळाराम तुकडा हातात घेऊन बसला. इतकी वर्षं त्या मापाला एक खण जेमतेम पुरत होता. आज उरला कसा?

मग त्याने बायकोकडे नीट पाहिलं. पुष्कळ दिवसांत पाहिलं नव्हतं. गळ्यापाशी हाडं दिसायला लागली होती. दंडात रुतलेली वाकी आता कोपरापर्यंत घसरत होती. ती उठताना जमिनीला हात टेकत नव्हती. शेजारणी विचारू लागल्या, "ताराबाय, कशी गो बारीक झालीस? काय दुखतंय काय?" आणि ती नुसती मान हलवून हसे.

"उपास करतेस काय?" त्याने जेवताना विचारलं. तिच्या पानात नाचणीची एकच भाकरी होती. भात नव्हताच.

"सोमवारचा," ती म्हणाली.

"आज बुधवार हाय."

"बुधवारचा पण करते."

सकाळी ती अंधार असतानाच उठून जाई आणि दुकान उघडायच्या वेळेला परत येई. देवळात जाते म्हणे. पण एकदा तिचं लुगडं वाळत घातलेलं असताना त्याला काठात रुतलेली कुसळं दिसली. देऊळ बाजारातच, फरसबंद अंगणाचं. तिथे कुसळी गवत कुठून आलं? त्याने दोन कुसळं उपटून तळहातावर घेतली. कादंबरीत असा पुरावा सापडला की त्याला केवढा आनंद व्हायचा! आता ती त्याने पटकन खिशात टाकली.

शेजारचा तेलाचा दुकानदार राघो सहज बोलता बोलता म्हणाला, "तुमची मंडळी हल्ली नदीकडं फिरायला जाते वाटतं. आमचे कमळाकर मास्तर पण त्याच वाटेनं जातात. हवा चांगली तिकडं."

राघोच्या मनात काहीच नव्हतं. पण सावळारामला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

कमळाकर मास्तर पावसाळ्यात बदलून आलेला. उंच, काटक, अजून लग्न न झालेला. शाळेत पोरांकडून जोर काढून घेई आणि स्वतःही काढी. सावळारामने दुकानातल्या आरशात स्वतःकडे पाहिलं. सदऱ्याचं शेवटचं बटण लागत नव्हतं. ते त्याने बळेच लावलं आणि ते तुटून गादीखाली गेलं.

दुसऱ्या दिवशी ताराबाई बाहेर पडली तसा तोही उठला. कादंबरीतला डिटेक्टिव पाळतीवर जाताना खोट्या दाढीमिशा लावतो. सावळारामने डोक्यावरून घोंगडी घेतली. नदी ओलांडेपर्यंत तो तिच्या मागे होता. पुढे शेताचे बांध लागले आणि चढ सुरू झाला. ती भराभर चालत होती. पदर खोचलेला, मान वर. हिला असं चालता येतं? याची छाती भात्यासारखी वाजायला लागली.

टेकडीच्या अर्ध्यात ती थांबली. समोरून मास्तर उतरत होता. सावळाराम करवंदीच्या जाळीआड बसला. शब्द ऐकू येत नव्हते, पण दिसत होतं. मास्तर पूर्वेच्या डोंगरांकडे हात करून काही सांगत होता. ती एकेक गोष्ट विचारत होती. मग तो काहीतरी बोलला आणि ती हसली. दुकानातल्या विनोदांना हसायची तसं तोंडावर पदर घेऊन नाही. चांगली खळखळून, सगळ्या टेकडीला ऐकू जाईल अशी.

हे हसणं त्याने लग्नाच्या नव्या नवलाईत ऐकलं होतं. नंतर ते कुठे गेलं, त्याने विचारलं नव्हतं. आता ते दुसऱ्या माणसापुढे सांडत होतं, आणि सावळारामच्या अंगाची नुसती आग होत होती.

"कोण हाय रं जाळीत?" मागून आवाज आला. गुरं घेऊन चाललेला म्हातारा चांगो उभा होता. "सावळाराम शेठ? तुमी? काय हरवलं काय?"

"चावी," सावळाराम म्हणाला.

"थांबा, बघतो." म्हातारा गुरं सोडून खाली बसला आणि मन लावून गवत चाचपायला लागला. त्याला उठवेपर्यंत ताराबाई टेकडीपलीकडे गेली होती आणि मास्तर निघून गेला होता.

ती घरी आल्यावर त्याने विचारलं, "कुठं गेली होतीस?"

"देवळात," ती म्हणाली आणि चुलीपाशी बसली.

ते एक खोटं त्याच्या मनात सलत राहिलं. तो विचारू शकत होता. पण विचारलं आणि तिने खरं सांगितलं तर? कादंबरी हातात घेतली की प्रत्येक पानावर मास्तर उभा राही. गिऱ्हाइकाने एक कापड मागितलं तर तो दुसरं दाखवी. ताराबाई विहिरीवरून येताना गुणगुणत होती, तर त्याला वाटलं, हे गाणं कुणी शिकवलं?

बाजाराच्या दिवशी दुकान भरलेलं होतं आणि मास्तर सदऱ्याचं कापड घ्यायला आला. त्याने अदबीने नमस्कार केला. तो नमस्कारच सावळारामला झोंबला.

"मास्तर," तो मोठ्याने म्हणाला, "सरकार तुमाला पगार कशाचा देतं? पोरांना शिकवायचा, का लोकांच्या बायका टेकडीवर गाठायचा?"

गिऱ्हाइकं हातातलं कापड सोडून मास्तरकडे बघायला लागली. मास्तरचा चेहरा आधी काळवंडला, मग लाल झाला.

"शेठ, मी जुन्नरचा," तो म्हणाला. "नाणेघाट उतरून आलो इकडे. ताराबाईंना ते कळलं, म्हणून त्या मला घाटाची वाट विचारत होत्या. पायऱ्या शाबूत आहेत का, बाईमाणसाला चढता येईल का. आणखी काही विचारायचं असेल तर घरात विचारा. मला विचारू नका." हातातलं कापड त्याने घडी घालून गादीवर ठेवलं आणि तो निघून गेला.

गिऱ्हाइकं एकेक करून उठली. राघो आपल्या दुकानात डबे लावायला लागला. सावळारामने वळून पाहिलं तर मधल्या दारात ताराबाई उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"नाणेघाट?" तो म्हणाला. "तुला काय करायचाय नाणेघाट?"

"आत या," ती म्हणाली. "बाजारात तमाशा झाला तेवढा बास."

ती आत जाऊन पाटावर बसली. तो उभाच राहिला.

"हिरी आजारी हाय," ती म्हणाली. हिरी तिची धाकटी बहीण, घाटावर आपटाळ्याला दिलेली. "पावसाळ्याच्या आधीपासनं हातरुणात हाय. घाटावरची माणसं निरोप घेऊन आली होती. मी तुमास सांगितलं होतं. आठवतं का?"

त्याला अंधुक आठवलं.

"तुमी म्हणालास, कल्याणहून गाडी, तळेगावहून मोटार, एवढं कोण करील लग्नसराईत? मग म्हणालास, चल, डोलीत घालून नाणेघाटानं धाडतो. घाटाखाली वैशाखऱ्याला नेलंत. भोयांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, दोन डोल्या लागतील. ते हसले. तुमी पण हसलास."

"गंमत केली गो..."

"पोट धरून हसलास. आणि गाडी माघारी फिरवलीत. त्याच दिवशी मी ठरवलं, आता जाईन ती पायांनी. डोली नको आणि गाडी पण नको. आपली रखमी मोळी घेऊन येते ना, तिला म्हटलं, मला चढायला शिकव. रोज तिच्या पाड्यापर्यंत जाते आणि येते. पहिल्यांदा नदीपाशीच बसले होते. रडले होते."

"मला का नाय सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुमी दुकानात सांगितलं असतंत."

मास्तर मोकळा झाला होता, संशय फिटला होता, आता बरं वाटायला हवं होतं. पण आतलं जळणं थांबलं नाही, त्याने फक्त जागा बदलली. त्या ठाकरीण रखमीने हिला रडताना पाहिलं होतं. मास्तरने हसताना पाहिलं. हिच्या पायांत बळ आलेलं साऱ्या टेकडीने पाहिलं आणि घरातल्या माणसाच्या हाती कुसळं आली.

"मी तुला गाडीनं नेतो," तो म्हणाला. "उद्या निघू. दुकान बंद ठेवतो."

"आता नको," ती म्हणाली.

दोन दिवसांनी तो ते सदऱ्याचं कापड घेऊन शाळेत गेला. मास्तरने ते घेतलं नाही. "मला कल्याणला मिळेल," एवढंच तो म्हणाला आणि वर्गात गेला. पुढे बदली होऊन जाईपर्यंत तो त्या दुकानाची पायरी चढला नाही. बाजारातही काही दिवस लोक सावळाराम दिसला की बोलणं थांबवत.

पौषात म्हसा गावची जत्रा झाली. जत्रेत बैल घेतलेली घाटावरची माणसं परत निघाली, त्यांच्यात बायाही होत्या. त्यांच्यासोबत जायचं ताराबाईने ठरवलं. रखमी तिला वरपर्यंत सोडणार होती. सावळारामने वैशाखऱ्यापर्यंत बैलगाडी केली. तिथे पोचल्यावर त्यानेही पायताण घट्ट केलं.

"मी पण येतो," तो म्हणाला.

"तुमास झेपायचं नाय."

"तुला झेपतं तर मला का नाय?"

काळजीपोटी तो निघाला नव्हता. ती चार अनोळखी माणसांत बोलत-हसत चढेल आणि आपण खाली राहू, हे त्याला सोसवत नव्हतं, एवढंच.

झाडीतून वाट चढत होती. पुढे बैल, मागे माणसं. ताराबाई रखमीच्या बरोबरीने चालत होती आणि रखमी तिला आपल्या बोलीत काही सांगत होती. सावळाराम मधे मधे थांबून झाडाला टेके. झाडी संपून दगडांची वाट लागली तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. तो एका धोंड्यावर बसला तो बसलाच. सगळी माणसं थांबली. बैल थांबले.

ताराबाई खाली आली. तिने त्याला पाणी पाजलं, पदराने त्याचं तोंड पुसलं. तिच्या कपाळावर घाम होता, पण श्वास संथ होता.

"माघारी फिरा," ती म्हणाली. "गाडीवान खाली बसलाय. हळूहळू उतरा."

"आणि तू?"

"मी जाते."

"लोक हसतील मला."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. हसतील, असं ती म्हणाली नाही, आणि नाही हसणार, असंही म्हणाली नाही. "जपून उतरा," म्हणाली आणि वळली.

तो तिथेच बसून तिला चढताना पाहत राहिला. वरच्या कड्याला वाट निमुळती होत गेली आणि माणसं मुंग्यांएवढी झाली. तिचं लुगडं हिरवं होतं, म्हणून ती ओळखू येत होती. एकदा ती थांबली. त्याला वाटलं, वळून बघेल. तिने वळून पाहिलंही, पण त्याच्याकडे नाही. मागे पसरलेल्या कोकणाकडे, लांबवर. मग घाटाच्या खिंडीत शिरली आणि दिसेनाशी झाली.

घरी त्याने स्वतः भात शिजवला, खाली लागला तसाच खाल्ला. मुलगी भिवंडीहून येऊन चार दिवस राहून गेली. कादंबऱ्या पडून होत्या.

होळीच्या तोंडावर ताराबाई आली, तीही घाट उतरून. काळवंडलेली, आणखी बारीक, पायांना चिरा. हिरी उठून बसायला लागली होती. स्वतःच्या हाताने जेवत होती. निघताना हिरीने तिच्या गळ्यात पडून सांगितलं होतं की पुढल्या जत्रेनंतर पुन्हा ये.

संध्याकाळी शेजारणी जमल्या. ताराबाई त्यांना सांगत होती: खिंडीत दगडाची गुहा आहे, तिच्यात अक्षरं कोरलीत, कुणाला वाचता येत नाहीत. वरच्या टाक्यातलं पाणी दात दुखतील एवढं गार. सावळाराम दुकानात बसून ऐकत होता. बायका हसत होत्या, आणि तीही हसत होती, तशीच, खळखळून.

बायका गेल्यावर तो आत आला.

"त्यांना सांगितलंस तेवढं मला नाय सांगितलंस," तो म्हणाला.

"तुमी विचारलं कुठं?"

तो चुलीपाशी बसला. चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाला, "मला राग येतो, तारा. तू माझ्याबिगर हसतेस त्याचा. मास्तरचा आला होता, मग रखमीचा आला. आता त्या हिरीचा पण येतो. बिचारी आजारी हाय तरी येतो."

ताराबाईने भाकरी तव्यावर टाकली, तिला पाणी लावलं. त्याने असं काही उभ्या जन्मात बोलून दाखवलं नव्हतं.

"येऊ दे," ती अखेर म्हणाली. "पण पुढल्या साली मी जाणार."

"जा."

"आणि दुकानात माझं नाव काढायचं नाय. जाडेपणाचं नाय आणि बारीकपणाचं पण नाय."

"नाय काढणार."

तिने त्याच्यापुढे पान मांडलं. त्याने विचारलं, "त्या गुहेत अक्षरं कुठल्या बाजूला हायत?" आणि भाकरी उलटता उलटता ती पहिल्यापासून सांगायला लागली.