शिट्टीचं शेपूट

फडताळातल्या बशा किणकिणल्या. छोट्या आर्डिसचा आत्ता कुठे डोळा लागला होता, घर गपगार झालं होतं, आणि वेल्मा खिडकीशी बसून लेकीच्या मोज्याची टाच रफू करत होती. लॉरेल गॅपमध्ये गाडी आधी भांड्यांना कळते, मग जमिनीला, मग माणसांना. डोंगरावरून मालगाडी उतरत होती.

वेल्माने सुई थांबवली आणि कान दिला.

दोन लांब, एक आखूड, एक लांब. फाटकावर शिट्टी कशी वाजवायची याचा नियम सगळ्या ड्रायव्हरांना एकच. पण शिट्टीची दोरी ज्याच्या हातात, आवाज त्याचा. गिलरॉयचा थोरला वाजवायचा तेव्हा वाटे, कुणी रागाने दार आपटतंय. म्हातारा शुल्ट्झ वाजवायचा ती प्रार्थनेला बोलावल्यासारखी. आणि वेल्माचा नवरा लेस्टर? त्याचा शेवटचा सूर उतरत उतरत अगदी संपायला आला, की दोरीला एक हलका झटका बसे आणि सूर खारीसारखा शेपूट वर करून पळून जाई.

ते शेपूट वेल्माचं होतं. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात तिचा रोजचा स्वयंपाक एकतर करपायचा, नाहीतर कच्चा राहायचा, कारण गाडी कधी येईल याचा नेम नसे. एकदा ती पातेल्यापाशी बसून रडली. तेव्हा लेस्टर म्हणाला होता, "लोकस्ट स्ट्रीटच्या फाटकावर मी तुला हाक मारीन. ऐकलीस की बटाटे टाक. इंजिन शेडला लावून, हात धुऊन, सही करून मी घरी येतो तोवर ते शिजतात." सहा वर्षं ते तसेच शिजत आले होते.

आता मात्र शेपूट ऐकू आलं ते पुलावरच्या फाटकावरून. पुलापाशी हॉटेल होतं, आणि हॉटेलच्या दुसऱ्या मजल्यावर मिस कॉरिन हॅलोवे उतरली होती. शहरातल्या मोठ्या वर्तमानपत्रासाठी गावावर लेख लिहायला आलेली. डोक्यावर टोपी, पायांत चालायचे बूट, हातात वही. चार दिवसांत तिने अख्खं रेल्वे यार्ड पालथं घातलं होतं.

दोन मिनिटांनी गाडी लोकस्ट स्ट्रीटच्या फाटकाशी आली. दोन लांब, एक आखूड, एक लांब. सरळ. टेबलासारखी सपाट. या आठवड्यात ही तिसरी वेळ.

मोजा तसाच टाकून वेल्मा मागच्या अंगणात गेली. वारा फिरून यार्डाकडून येऊ लागला होता, म्हणून शेजारची ब्रिजी धुणं काजळायच्या आत भराभर काढत होती.

"आज बटाटे टाकू नकोस हं," ब्रिजी कुंपणावरून म्हणाली. "पुलावरच्या बाईने टाकले असतील."

"तुझा नवरा शिट्टी वाजवतो तेव्हा गाई दूध चोरतात म्हणे. ते बघ आधी."

"गाई चोरतात, बायका नाही!" ब्रिजी चिमटे तोंडात धरून हसली. वेल्माही हसली, पण घरात आल्यावर तिने चुलीत कोळसा घातला नाही.

लेस्टर आला. मान धुतली, कान धुतले, खुर्ची ओढून बसला आणि मग त्याचं लक्ष चुलीकडे गेलं.

"थंड?"

"मला हाक ऐकू आली नाही."

"फाटकावर वाजवली की."

"कुठल्या फाटकावर?"

लेस्टर टॉवेलने पुन्हा एकदा कान पुसू लागला. "तिला ती नीट ऐकायची होती, वेल्मा. वहीत कशी लिहायची ते समजेना तिला. म्हणाली, परत वाजवाल का. मग परत वाजवली."

"तीन दिवस?"

"नीट लिहून होईना तिचं."

"आणि इथे काय दोरी तुटली होती?"

त्याने टॉवेल खुंटीला अडकवला. मग म्हणाला, "तिकडे एकीला वाजवून दाखवायची आणि लगेच इकडे तुला तीच... हात उचलेना गं माझा."

खरं तर एवढ्यावर राग निवायला हरकत नव्हती. वेल्माने गार मांस आणि पाव त्याच्यापुढे ठेवला. मोहरीसुद्धा ठेवली. पण राग निवला नाही.

रविवारी वर्तमानपत्र आलं. अख्खं पान लॉरेल गॅपवर! मधोमध इंजिनशेडचं चित्र. चर्चहून आल्यावर डोक्यावरची हॅटही न काढता वेल्मा वाचायला बसली. लेख वाईट निघावा अशी तिची फार इच्छा होती. तो चांगला निघाला. धुण्याच्या दोऱ्या वाऱ्याकडे बघून बांधतात, हे त्या बाईने पाहिलं होतं. गावातली पोरं मालगाडीच्या डब्यांवरची नावं वाचत वाचत अक्षरं शिकतात, हेही. वेल्मा जन्मापासून या गावात राहिली होती आणि यातलं काही कुणाला सांगण्यासारखं आहे हे तिला सुचलं नव्हतं. चार दिवसांत येऊन बाई तिचं गाव उचलून घेऊन गेली, आणि वर ते तिच्यापेक्षा छान मांडलंही.

मग खालच्या ओळींशी ती थबकली. 'एका ड्रायव्हरची शिट्टी शेवटी शेपूट उचलते. असं का, म्हणून विचारलं, तर तो हसून म्हणाला: काही नाही, हाताची सवय.'

"हाताची सवय?" वेल्माने पान टेबलावर पालथं घातलं.

लेस्टर बूट काढत होता. एक बूट हातात तसाच राहिला. "मग काय सांगायला हवं होतं? बायकोला बटाटे टाक म्हणून सांगतो? सगळ्या यार्डाने मला जन्मभर बटाट्या म्हणून हाक मारली असती."

"मारू दे की."

"अगं, तुझं नाव पेपरात छापलं असतं त्या बाईने!"

"छापू दे की!" तिचा आवाज चिरकला, तशी आर्डिस दाराशी येऊन उभी राहिली. वेल्मा हळू बोलू लागली. "ती हाक माझी होती, लेस्टर. माझ्याजवळ वेगळं असं तेवढंच होतं. ती तू तिच्यापुढे वाजवलीस, ते मी गिळलं. पण माझी नाहीच म्हणालास."

लेस्टरने बूट खाली ठेवला. लेकीला मांडीवर घेतलं, तिच्या केसांवरून वेल्माकडे पाहत म्हणाला, "चुकलो. उद्यापासून पुलावर सरळ. शेपूट फक्त इथे. देवाशप्पथ." आणि लेस्टर खोटी शपथ घेणारा नव्हता. त्या दुपारी वेल्माने त्याच्यासाठी ॲपल पाय भाजला, आणि कडेचा कुरकुरीत तुकडाही त्यालाच दिला.

सोमवारी सकाळी डोंगरात दरड कोसळली. वरच्या गाड्या दुपारपर्यंत घाटमाथ्यावर अडकून पडल्या, आणि रूळ मोकळा झाल्यावर एकामागून एक उतरू लागल्या. वेल्मा आणि आर्डिस मागच्या पायरीवर बसून बटाटे सोलत होत्या.

पुलावर सरळ शिट्टी झाली. वेल्माची सुरी थांबली. मग लोकस्ट स्ट्रीटवर दोन लांब, एक आखूड, एक लांब... आणि शेपूट!

"पप्पा!" आर्डिस ओरडली. वेल्मा आत धावली, पातेलं चुलीवर चढवलं, मीठ टाकलं. किती दिवसांनी तिचा जीव भांड्यात पडला होता. ती परत येऊन पायरीवर टेकते न टेकते तोच दुसरी गाडी फाटकाशी आली. तिनेही शेपूट उचललं.

पाठोपाठ तिसरीने.

ब्रिजी घरातून पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आली. "ऐकलंस का? गिलरॉयच्या थोरल्याने तो लेख कापून इंजिनात चिकटवलाय. सगळ्यांना पेपरातली शिट्टी हवी. आमचा नवरोबासुद्धा काल शेडमध्ये सराव करत होता म्हणे. पण मला बाई गोड वाटलं हं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा वाटलं, कुणी मलाच बोलावतंय."

वेल्माने तिच्याकडे पाहिलं. ब्रिजीचे गाल लाल झाले होते, नव्या नवरीसारखे. त्या क्षणी वेल्माला तिचा जेवढा हेवा वाटला, तेवढा त्या टोपीवालीचाही वाटला नव्हता. तिला वाटत आलं होतं, हजार शिट्ट्यांतून आपण आपली ओळखू. तिने डोळे मिटले. चौथी शिट्टी आली. उतरत गेली, थांबली, उचलली. थोडी लांब? की वाऱ्याने तशी वाटली? तिच्यामागून पाचवी आलीसुद्धा.

आर्डिस उठून तिच्या गुडघ्याला टेकली. हातात अर्धा सोललेला बटाटा, गालावर मातीचा पट्टा.

"आई, यातले आपले पप्पा कोणते?"